दुर्गंधीचा उगम कोठे?

मुंबईच्या पूर्व उपनगरातील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेत मी राहतो. संस्थेच्या कुंपणामागून एक नाला जातो आणि नाल्याच्या पलीकडे वस्ती आहे. वस्तीत आपलीच माणसे अधिक. १९७२ च्या दुष्काळात मराठवाडा सोडून आलेल्यांची मुले-नातवंडे, शिवाय काही उत्तरेकडची मुसलमान कुटुंबे. पावसाळा सरला आणि नाल्याचे पाणी उतरले की आमच्या इमारतींत घाण वास सुटतो. तो असह्य झाला तेव्हा संस्थेची सभा बोलावण्यात आली. सभेत वासाच्या उगमाची चर्चा झालीच नाही, कारण उगम सर्वांना आधीच ठाऊक होता. नाल्यापलीकडची वस्ती! ती हटवावी असा अर्ज महापालिकेकडे करायचा, एवढेच ठरायचे होते. हा अर्ज मी लिहावा असे एकमताने ठरले. मी प्राध्यापक, तोही इतिहासाचा, आणि माझे मराठी चांगले!

त्या सभेत मी गप्प बसलो, हे आधीच कबूल केले पाहिजे. त्याची कारणे दोन. माझ्या आडनावावरून मी कोण हे तेथे प्रत्येकाला ठाऊक आहे, पण कोणी ते बोलून दाखवत नाही. हा अलिखित करार मोडण्याचे धैर्य मला त्या क्षणी झाले नाही. दुसरे कारण अधिक लाजिरवाणे आहे. वास वस्तीतूनच येतो असे मलाही वाटत होते. तीन वर्षे मी त्या बाजूची खिडकी लावून घेत होतो. माझे वडील महापालिकेच्या कचरागाडीवर होते. कामावरून आले की आई त्यांना आधी मोरीत पाठवी. शाळेतली मुले माझ्या शेजारी बसायला का कुरकुरतात, हे मला फार लवकर कळले होते. असा माणूस खिडकी लावून वस्तीला दोष देऊ लागत असेल, तर दोष देण्याची ही रीत किती खोल रुजली आहे याचा शोध घेणे भाग होते. अर्जासाठी मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली. त्या आठ दिवसांत जे वाचन आणि जी पायपीट सुरू झाली, तिच्यातून हा लेख आला आहे.

दुर्गंधीचा माग काढायचा म्हणजे काय करायचे? वासाच्या दिशेने चालत जावे, आणि घाण दिसली म्हणून तेथेच न थांबता ती घाण तेथे आली कोठून, हे विचारावे. आपल्या समाजाने यातला पहिला भाग नेहमीच पार पाडला. दुसऱ्या भागाकडे मात्र त्याने सोयीस्कर पाठ फिरवली. या पाठ फिरवण्यालाच इतिहास आहे.

गावगाड्यापासून सुरुवात करू. माझ्या गावी महारवाडा उगवतीच्या अंगाला आहे. वर्षाचा बराच काळ वारा मावळतीकडून वाहतो. महारवाड्यावरचा वारा गावात शिरू नये म्हणून पूर्वजांनी ही रचना केली, असे गावची जाणती माणसे अभिमानाने सांगत. चांडाळांची वस्ती गावाबाहेर असावी, असे मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात सांगितलेच आहे. गावात बैल मेला, म्हैस मेली की सांगावा महारवाड्यात यायचा. मेलेले ढोर ओढून नेणे हे लादलेले काम. नकार दिला तर बलुते बंद. ते ढोर कोणाच्या गोठ्यात मेले, जिवंत असताना त्याचे दूध कोणी प्याले, त्याच्याकडून नांगर कोणी ओढवून घेतला, हे वासाच्या हिशेबात कोणी धरले नाही. महारवाड्याच्या हद्दीत पोचले की त्याचा वास महारवाड्याचा झाला. मिळकत गावाची आणि वास आमचा, अशी ही वाटणी होती.

शहरात ही वाटणी मोडेल अशी आशा होती. तेथे गटारे आली, नळ आले, आरोग्य खाते आले. परंतु इंग्रजांनी मुंबईत आरोग्यव्यवस्था आणली ती आपल्याकडचा वासाचा सिद्धान्त बरोबर घेऊनच. म्हणून थोडे त्यांच्या देशाकडे पाहिले पाहिजे. कुजणाऱ्या घाणीतून उठणाऱ्या दूषित हवेमुळे रोग होतात, असे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथील बहुतेक डॉक्टर आणि अधिकारी मानत. एडविन चॅडविक यांनी १८४२ मध्ये कष्टकरी जनतेच्या आरोग्यस्थितीवर सादर केलेल्या अहवालाचा पाया हाच होता. गरिबांच्या वस्त्यांतील हाल या अहवालामुळे सरकारदरबारी नोंदले गेले, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण वास म्हणजेच रोग असे धरल्याने लंडनमधील घरांजवळची घाण गटारांवाटे थेम्स नदीत लोटली गेली, आणि त्याच नदीचे पाणी शहरातील असंख्य लोक पीत होते. १८४८-४९ च्या पटकीत हजारो माणसे मेली. १८५४ मध्ये डॉ. जॉन स्नो यांनी सोहो भागातील एका सार्वजनिक पंपाभोवतीचे मृत्यू नकाशावर मांडून पटकी पाण्यातून पसरते हे दाखवले. अधिकाऱ्यांना ते लगेच पटले नाही. पुढे १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सची दुर्गंधी थेट पार्लमेंटच्या दालनांत शिरली. पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून टांगावे लागले. मग मात्र काही आठवड्यांत कायदा झाला आणि जोसेफ बॅझलजेट यांच्या प्रचंड गटारयोजनेला वाट मिळाली. वास राज्यकर्त्यांच्या नाकापर्यंत पोचला की त्याच्या उगमाची चौकशी होते. तोपर्यंत तो गरिबांचा स्वभावधर्म मानला जातो.

हाच विचार घेऊन आलेल्या प्रशासनाने मुंबई घडवली. १८६५ मध्ये आर्थर क्रॉफर्ड हे शहराचे पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले. मैला वाहून नेणारी भुयारी गटारे तेव्हा फारच थोडी होती आणि घराघरांत टोपलीचे संडास होते. दोन इमारतींच्या पाठींमध्ये एक अरुंद बोळ सोडलेला असे. त्याला घरगल्ली म्हणत, आजही म्हणतात. संडासाची टोपली या घरगल्लीतून काढली जाई. ती काढणारा माणूस पुढच्या दाराने आत येत नसे आणि घरच्यांच्या नजरेस पडत नसे. गावाने महारवाडा वेशीबाहेर ठेवला, शहराने त्याची वाट इमारतीच्या पाठीमागून काढली. पालिकेच्या दप्तरात या कामगारांना हलालखोर म्हणत. त्यांच्यात गुजरात-काठेवाडकडून आलेले मेहतर पुष्कळ होते. वरच्या मजल्यांवरून जे पडे ते घरगल्लीत साचे. पण घाणीशी नाव जोडले गेले ते हलालखोराचे. वरच्या बिऱ्हाडकरूचे कोणी घेतले नाही.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. प्लेगचा जंतू १८९४ मध्येच हाँगकाँग येथे सापडला होता. तरीही पालिकेचा पहिला संशय गटारांवर गेला. समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक ॲसिड गटारांतून सोडण्यात आले. घरांना चुना फासण्यात आला, गरिबांच्या झोपड्या जाळण्यात आल्या. १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा आला आणि घरात शिरून झडती घेण्याचे अधिकार मिळाले. आता मांडवी हा भाग कसला? गोदीलगतचा, धान्याच्या वखारींचा. वखारीत धान्य, धान्यावर उंदीर, उंदरांच्या अंगावर पिसवा. पिसवांचा हा दुवा पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवला आणि तो सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. धान्याच्या वखारीला दुर्गंधी नसते. साहजिकच त्या बाजूला कोणाचे नाक वळले नाही. व्यापाऱ्याच्या वखारीतून निघालेला रोग गरिबाच्या झोपडीत शोधला गेला.

या साथीतील आणखी एक गोष्ट आपल्या कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. रोग्यांना सक्तीने इस्पितळात हलवण्याच्या नियमांनी शहरात घबराट उडाली आणि लोक गाव गाठू लागले. हलालखोरही निघून गेले तर मुंबई राहण्यालायक उरणार नाही, ही धास्ती तेव्हाचे कमिशनर पी. सी. एच. स्नो यांना पडली. त्यांच्या अहवालात ती नमूद आहे. नियम सैल करण्यामागे हेही एक कारण होते. म्हणजे ज्यांच्या अंगाला वास येतो म्हणून त्यांना दूर ठेवायचे, ते दूर गेले तर सारे शहर नासेल, हे राज्यकर्त्यांना पक्के ठाऊक होते! या कामगारांनी पूर्वसूचनेवाचून काम सोडणे हा शिक्षेस पात्र गुन्हा ठरवणारी तरतूदही मुंबईच्या पालिका कायद्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेली दिसते. जवळ नको आणि दूरही जाऊ द्यायचे नाही, ही अस्पृश्यतेची जुनी रीत कायद्याच्या भाषेत उतरली.

प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडून हवा खेळती करायची हे त्याचे धोरण. आरंभीच्या वर्षांत जितकी माणसे बेघर झाली तितक्यांना घरे मिळाली नाहीत. वस्ती मोडली, माणसे शेजारच्या वस्तीत दाटली, आणि मग त्या वस्तीला वास येऊ लागला.

दरम्यान शहर आपली घाण उत्तरेकडे सरकवत होते. १८६० च्या दशकात कत्तलखाना बेटाबाहेर वांद्र्याला गेला. कातडी कमावण्याचे कारखाने धारावीच्या दलदलीकडे लोटले गेले. तेथील पहिला कारखाना १८८७ च्या सुमाराचा मानतात. कमावलेले कातडे बूट-चपला होऊन फोर्टात परत जाई, चुन्याच्या नि कुजक्या कातड्याच्या हौदांचा वास तेवढा धारावीत राही. शहराचा कचरा रेल्वेच्या वाघिणींतून चेंबूर-देवनारच्या पाणथळ जमिनीवर टाकला जाऊ लागला. देवनारचे कचरा मैदान १९२७ चे म्हणून ओळखले जाते. १९७१ मध्ये कत्तलखानाही वांद्र्याहून देवनारला आला, कारण वांद्रे आता चांगल्या लोकांचे झाले होते. शहरातून उठवलेल्या झोपडपट्ट्यांना पुनर्वसन म्हणून जागा देण्यात आली तीही देवनार-गोवंडीच्या आसपासच. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात हाच एम-पूर्व विभाग सर्वांत तळाला होता. जानेवारी २०१६ मध्ये देवनारचा कचरा पेटला, धूर शहरावर पसरला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तेव्हा वर्तमानपत्रांना देवनार दिसले. डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी तो धूर त्याआधी किती वर्षे गिळला होता, हे विचारावेसे फार थोड्यांना वाटले.

देवनारचे १९२७ हे साल वाचताना मी थबकलो. त्याच वर्षी २० मार्चला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्याच परिषदेत त्यांनी मेलेली ढोरे ओढणे आणि मृतमांस खाणे सोडण्याचे आवाहन केले. आणि आपल्या स्पर्शाने बाटलेले तळे सनातन्यांनी कशाने शुद्ध केले? पंचगव्याने. त्यात शेण आले आणि गोमूत्रही आले. घाण म्हणजे काय याचा निवाडा नाक करत नसून जात करते, याचा एवढा उघडा पुरावा दुसरा नसेल. जनावराची विष्ठा पाण्यात गेली तर तळे पवित्र होते आणि माणसाची ओंजळ गेली तर ते बाटते.

याच प्रश्नाला बाबासाहेबांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अस्पृश्यांच्या मूळविषयक ग्रंथात हात घातला. अस्पृश्यता घाणेरड्या धंद्यांतून आली, हा स्टॅन्ले राइस यांचा सिद्धान्त त्यांनी खोडून काढला. त्यांचा युक्तिवाद साधा आहे. घाण काढण्याची कामे सर्वच मानवी समाजांत होती. ती करणारे इतर देशांत अस्पृश्य का झाले नाहीत? तेव्हा धंद्यामुळे अस्पृश्यता आली असे म्हणता येत नाही. आमचे काही शिकलेले तरुण आजही म्हणतात की, घाणीची कामे सोडली, स्वच्छ राहिलो, की विटाळ संपेल. ती कामे सोडलीच पाहिजेत. पण आपण घाण होतो म्हणून दूर ठेवले गेलो, ही समजूत त्याबरोबरच सोडली पाहिजे. तिच्यामुळे आपण शत्रूचे नाक उसने घेतो. मी तीन वर्षे घेतले होते.

नाकाच्या निवाड्यावर विसंबणे किती घातक, हे गटारात उतरणाऱ्याला विचारावे. मैला कुजला की हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. त्याला नासक्या अंड्यासारखा वास येतो आणि हवेच्या दहा लाख भागांत एका भागाहून कमी असला तरी तो कळतो. मात्र प्रमाण शंभर भागांच्या आसपास गेले की वासाची जाणीवच बधिर होते. वास गेला, धोका टळला, असे वाटते, नेमका त्याच वेळी मृत्यू जवळ आलेला असतो. गटारात साचणाऱ्या मिथेनला तर वासच नाही. १९९३ आणि २०१३ असे दोनदा कायदे झाले. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. २० ऑक्टोबर २०२३ रोजी ती रक्कम ३० लाख झाली. रक्कम वाढवावी लागली, याचा अर्थ माणसे मरायची थांबली नव्हती. वरच्या मजल्यावर वास येऊ नये म्हणून खाली कोणीतरी जीव देतो.

आता पुन्हा माझ्या संस्थेकडे येतो. आठ दिवसांची मुदत घेतल्यावर मी एका प्लंबरला बरोबर घेतले. त्याने मला जे शिकवले ते कोणत्याही ग्रंथात इतक्या सोप्या रीतीने मिळाले नसते. मोरीच्या भोकाखाली नहाणी ट्रॅप असतो आणि इमारतीबाहेर गली ट्रॅप. त्यांच्या वळणात पाणी साचून राहते आणि ते पाणी गटारातला वायू अडवते. ट्रॅप फुटला किंवा त्यातले पाणी आटले की वायू घरात शिरतो. आमच्या मागच्या बाजूचे दोन गली ट्रॅप फुटलेले निघाले. मग त्याने तळमजल्याच्या संडासात लाल रंग ओतला आणि रस्त्यावरच्या मलवाहिनीचे चेंबर उघडले. तेथे रंग आला नाही. आम्ही मागे नाल्याकडे गेलो. पलीकडे वस्तीतला एक मुलगा उभा होता. त्याने हात करून दाखवले. "सर, हा तुमचाच पाईप. कायम इथंच पडतं." कुंपणाखालच्या पाइपातून लाल पाणी नाल्यात येत होते. संस्थेची एक मलवाहिनी कधीतरी परस्पर पावसाळी गटाराला जोडून दिलेली होती.

मुलाशेजारी एक म्हातारी बाई होती. मी तिला विचारले, "मावशी, हे आधी कोणाला सांगितलं नाही?" ती म्हणाली, "आमाला कोन इचारतंय, बाबा?"

वस्तीचे सांडपाणी नाल्यात जात नाही असे मी म्हणणार नाही. ते जाते, कारण तिच्यापर्यंत मलवाहिनी कोणी नेलेलीच नाही. आम्हाला ती मिळालेली होती आणि तरीही आमचा मैला त्यांच्या दारात पडत होता. दोन्ही गोष्टी एका नाल्यात मिसळल्या तरी त्यांचा दोष एका मापाने मोजता येणार नाही.

पुढच्या सभेत मी हे सांगितले. कोणी वाद घातला नाही. ट्रॅप बदलले, वाहिनी योग्य जागी जोडली आणि वास पुष्कळ कमी झाला. वस्तीविरुद्धचा अर्ज बारगळला. पण सभेच्या इतिवृत्तात नोंद झाली ती एवढीच: 'ड्रेनेज दुरुस्तीचे काम करण्यात आले.' मागच्या सभेत वस्तीवर जो आरोप झाला तो चुकीचा होता, असे एक वाक्य घालावे म्हणून मी आग्रह धरला. अध्यक्ष म्हणाले, "सर, जाऊ द्या ना आता. काम झालं ना?" ते वाक्य अद्याप इतिवृत्तात आलेले नाही. आधीच्या सभेचा आरोप मात्र तेथे जसाच्या तसा आहे. उद्या कोणी इतिहासकार ते दप्तर चाळील तेव्हा त्याला काय सापडेल? वस्तीमुळे दुर्गंधी येत होती आणि नंतर ड्रेनेज दुरुस्त झाले, एवढेच.

दप्तरे अशीच तयार होतात, म्हणून आपल्याला आपली दप्तरे तयार करावी लागतील. आपल्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी आणि वस्त्यांतील कार्यकर्त्यांनी हे काम हाती घ्यावे, अशी माझी सूचना आहे. आपल्या गावच्या, शहराच्या दुर्गंधीचा नकाशा काढावा. कचऱ्याचे मैदान, कत्तलखाना, कातड्याचे कारखाने, मैल्याचा नाला कोणत्या साली कोठे होते आणि कोठे हलवले गेले? हलवण्याचा ठराव कोणी मांडला? आधी तेथे कोण राहत होते, नंतर कोणाला वसवले? वस्ती घाणीजवळ गेली की घाण वस्तीजवळ आणली गेली? म्हाताऱ्या माणसांना विचारावे. त्यांना सारे ठाऊक असते, त्यांना कोणी विचारलेले नसते.

माझ्या वर्गातील विद्यार्थ्यांनी या वर्षी आमच्या नाल्यापासून आरंभ केला आहे. नाला जेथून निघतो तेथपासून खाली चालत येऊन ते प्रत्येक पाइपाचे तोंड वहीत टिपून घेत आहेत, आणि तो पाइप कोणाच्या कुंपणातून येतो, हेही. संस्थेच्या पुढील सभेत मी ते एक वाक्य पुन्हा मांडणार आहे. त्या वेळी ती वही माझ्यासोबत असेल.